जहाज नांगरलेले आढळले

निवृत्त मंडळ अधिकारी खुशालराव काळमेघ हे पत्नी सौ. दुर्गाबाई यांच्यासह दिनांक चोवीस ऑक्टोबर रोजी दुपारी समुद्रपर्यटनासाठी मुंबई बंदरात हजर झाले. तेव्हा समुद्र जागेवर होता, जहाजही जागेवर होतं. पुढचे तीन दिवस दोघांपैकी कोणीही जागा सोडणार नव्हतं, ही बाब मात्र तोवर कोणाच्या निदर्शनास आणून देण्यात आली नव्हती.

खुशालरावांची छत्तीस वर्षं महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून सुटले आणि अमरावतीत घर बांधून राहिले. त्यांच्या मंडळाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांची स्मरणशक्ती चांगली आहे. नोकरीत त्यांचं मुख्य काम पावसाचं. म्हणजे पडलेला पाऊस मान्य करायचा की नाही, हे ठरवायचं. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी, त्याच्या खाली पडतं ते नुसतं पाणी. मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र त्यांनी फार विचारपूर्वक एका डेरेदार कडुनिंबाखाली बसवून घेतलं होतं, कारण उघड्यावर ते तापायचं. नाला गावात शिरला, बैल पोहत घरी आले, तरी नोंदवहीत आकडा पडायचा चौसष्ट पॉइंट आठ. मग खुशालराव पंधरा-वीस दिवसांनी सवडीनं बांधावर जात आणि पंचनामा करत. पंच खाली सही करत, नाही तर अंगठा देत. अंगठा देणाऱ्यानं शेत पाहिलेलं असलंच पाहिजे असा काही नियम नाही; अंगठा असला पाहिजे, एवढाच आहे. काळमेघ आडनावाच्या माणसाला उभ्या नोकरीत एकदाही अतिवृष्टी दिसू नये, याचं गावाला हसू येई. पण पंचनाम्यात हसण्याचा रकाना नव्हता.

ज्या पावसाची कागदावर नोंद नव्हती, त्याच पावसामुळे साहेबांच्या रजा मात्र दर वर्षी रद्द होत. दुर्गाबाईंची जगन्नाथपुरी अशीच गेली, रामेश्वर गेलं, गणपतीपुळे तर तीनदा गेलं. एवढ्या वर्षांत त्या लांबात लांब पोचल्या त्या मेळघाटातल्या सेमाडोहला, आणि तिथंही साहेबांची बैठक असल्यामुळे चार तास जीपमध्ये बसून परत आल्या. घरात बोलणं काय, तर जमीन. सातबारा, फेरफार, मोजणी. सकाळी दार उघडावं तर अंगणात दोन सख्खे भाऊ वीतभर जमिनीसाठी एकमेकांची गचांडी धरून उभे. दुर्गाबाईंना जमिनीचा वीट आला होता. डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं.

"म्हनलं, त्याच्याआंधी मले एकडाव अशा जागी न्या, जिथून जमीन दिसत नाई. चारी बाजूनं पानी पायजे. बांध नाई, धुरा नाई, कोनाचं अतिक्रमन नाई. तिथं मी दहा मिंटं उभी राहीन. मंग कापा गुडघे."

अकोल्याला खुशालरावांच्या भाच्याचं, नितेशचं, सहलींचं ऑफिस आहे. त्यानं तीन दिवसांची सफर काढून दिली. "मामी, मधातच नेऊन सोडते जहाज. जमिनीचं नाव नाई." दुर्गाबाईंनी त्या दिवसापासून चकल्या तळायला घेतल्या.

जहाजावर दामिनी नावाच्या मुलीनं दोघांना हार घातला. तिच्या कोटावर 'प्रवासानंद अधिकारी' असं लिहिलेलं होतं.

"प्रवास सुरू झाल्याबद्दल अभिनंदन, सर."

"पन जहाज तं उभं हाय," खुशालराव म्हणाले.

"नियम चार, सर. प्रवाशानं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की प्रवास सुरू होतो. जहाज नंतर सुरू होतं."

खुशालरावांनी मान डोलावली. नियम करणारा माणूस हाताखालचा असता, तर त्यांनी त्याच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा मारला असता.

त्यांना मिळालेली खोली 'समुद्रदर्शन' प्रकारची होती. खिडकीतून गोदामाचे पत्रे दिसत होते आणि पत्र्यांवर 'येथे थुंकू नये' असं लिहिलं होतं. दुर्गाबाई म्हणाल्या, असू दे, निघालं की दिसेल. त्यांनी नवी साडी काढून खुर्चीवर ठेवली. संध्याकाळी वारं सुटलं, बंदरावरच्या ताडपत्र्या फडफडायला लागल्या, आणि जेवणाच्या दालनाबाहेर फलक लागला: 'हवामानाच्या कारणास्तव जहाज नांगरून ठेवण्यात आले आहे. प्रवास सुरळीत सुरू आहे.'

दुर्गाबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"नांगरून ठेवलं? आता याच्यात काय हरभरा पेरतेत?"

"अवं, जहाजाचा नांगर येगळा. थो पान्यात टाकतेत. जहाज हालू नये म्हनून."

"म्हंजे आपल्याकडं नांगर लागला का काम सुरू होते, अन् यायच्याकडं नांगर लागला का काम बंद?"

मागून कोणीतरी मोठ्यानं हसलं. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात भज्यांची बशी. "नमस्कार साहेब," तो माणूस म्हणाला. "चौसष्ट पॉइंट आठ."

खुशालरावांनी ओळखलं नाही. ते किसनराव होते, त्यांच्याच जुन्या मंडळातले. संत्री आणि भाजीपाला पिकवायचे, जोडीला बियाण्यांचं दुकान टाकलं होतं. बियाणं सगळ्यांत जास्त विकलं म्हणून कंपनीनं त्यांना आणि पत्नी पार्बताबाईंना बक्षीस म्हणून या जहाजावर धाडलं होतं.

"माही चार एकर मिरची वाहून गेली होती, साहेब. वाट पाहून पाहून मी वावर नांगरून घेतलं. तुमी आले अठराव्या दिवशी. लिवलं, 'शेत नांगरलेले आढळले. पीक आढळले नाही. सबब नुकसान आढळले नाही.' माह्या तोंडपाठ हाय."

"नियमात जसं होतं, तसं लिवलं," खुशालराव म्हणाले.

"राग नाई साहेब. राग त्या सालचा होता, थो त्याच साली सपला. भजी घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज होतं तिथंच होतं. बंदराच्या अधिकाऱ्यांनी वादळाचा बावटा चढवला होता. दुर्गाबाई नवी साडी नेसून तयार होऊन बसल्या होत्या. दुपारी त्यांनी विचारलं की आजही नाही निघालं तर पुढं काय. खुशालराव दामिनीकडे गेले.

"काळजी नको, सर. हवामानामुळे प्रवास झाला नाही असं सिद्ध झालं, तर सर्व प्रवाशांना नवी तारीख मिळते. नोव्हेंबरातली. त्यासाठी चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या वर जायला हवा. आमच्या कंपनीच्या यंत्रावर."

"पासष्ट?" खुशालरावांचा ऊर भरून आला. "सध्या किती हाय?"

"चौसष्ट पॉइंट आठ."

किसनराव शेजारीच चहा पीत होते. त्यांना असा ठसका लागला की पार्बताबाईंना पाठ चोळावी लागली. मग सगळे मिळून यंत्र पाहायला गेले. ते मालिशघर आणि आइस्क्रीमचा गाडा यांच्या मधल्या बोळात, जाड मखमली पडद्यामागं बसवलेलं होतं. त्याची पाती स्वस्थ होती. बाहेर का नाही ठेवलं, असं दुर्गाबाईंनी विचारलं, तर दामिनी म्हणाली, "बाहेर ठेवलं की त्याला वारं लागतं, काकू. मग आकडे बिघडतात." शेजारी नोंदवही होती. तीत आजचा आकडा होता, उद्याचा होता, पुढच्या आठवड्याचेही होते, सगळे एकाच अक्षरात. खुशालरावांनी ती वही भक्तिभावानं चाळली.

"आमी फक्त मागचे भरत होतो," ते हळूच म्हणाले.

यंत्राचा निकाल मान्य नसेल तर मोबाइलवरून वैयक्तिक अर्ज करण्याची सोय होती. बहात्तर तासांची मुदत, घटनास्थळी उभं राहून काढलेला फोटो आवश्यक. खुशालराव सर्वांत वरच्या मजल्यावर गेले. वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली, चष्मा उडता उडता राहिला. त्यांनी फडफडणारा वादळाचा बावटा पार्श्वभूमीला घेऊन फोटो काढला आणि अर्ज पाठवला. उत्तर ताबडतोब आलं: 'आपण समुद्रात नाही. कृपया समुद्रात उभे राहून पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी कठड्यापाशी जाऊन प्रयत्न केला. मग कठड्याबाहेर हात लांबवून केला. 'आपण अद्याप जमिनीवर आहात.'

"पन थो फलक तं म्हनते प्रवास सुरू हाय," दुर्गाबाई म्हणाल्या.

"प्रवास सुरू हाय. आपन जमिनीवर हावो. दोन्ही बरोबर हाय."

"साहेब, एक पाय बाहीर काढून पाहा," किसनरावांनी सुचवलं. "आमाले तुमी सांगतलं होतं का नाई, पीकविम्यासाठी वावरात उभं राहून फोटू काढा म्हनून? गुडघाभर गाऱ्यात माह्या मोबाइल गेला, पन जागा काई जुळली नाई."

जहाज हलत नसलं म्हणून प्रवाशांचा आनंद थांबता कामा नये, यासाठी कंपनीनं खालच्या मजल्यावर 'खोल समुद्र दालन' उघडलं होतं. तिथं निळा पडदा होता, त्यावर दोन मासे उड्या मारत होते, केस उडवायला टेबलफॅन होता आणि हातात धरायला लाकडी सुकाणू. रांग लागली. माणसं फॅनपुढं उभी राहत, डोळे बारीक करून लांब क्षितिजाकडं बघत, आणि फोटो निघाला की जिन्यातच स्टेटसवर टाकत. 'चारी बाजूंना अथांग सागर', 'लाटांशी गप्पा' असं खाली लिहीत. खुशालरावांनाही कप्तानाची टोपी मिळाली. त्यांनी सुकाणू धरलं, दुर्गाबाईंना शेजारी उभं केलं. दुर्गाबाई पडद्याकडं पाहतच नव्हत्या, फॅनच्या वायरकडं पाहत होत्या. तरी फोटो झकास आला. तो कॉलनीच्या ग्रुपवर गेला, कंपनीच्या पानावरही लागला, आणि पाच मिनिटांत अंगठ्यांवर अंगठे पडायला लागले. एका अंगठ्यानं एवढं बरं वाटतं, हे खुशालरावांना नोकरीत कधी कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दामिनी स्वतः खोलीवर आली. आता एकच मार्ग उरला होता. नियम एकोणीस. प्रवाशांमधूनच पंच नेमायचे, त्यांनी पाहणी करून पंचनामा लिहायचा, आणि तो कंपनीवर बंधनकारक. अध्यक्ष शासकीय अनुभवाचा हवा. कंपनीनं सर्वानुमते खुशालरावांची निवड केली होती. सर्वानुमते म्हणजे कोणाच्या, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. दामिनीनं दार लोटलं, इकडं तिकडं पाहिलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलली.

"काकू, मी बी आपल्याकडचीच, अकोल्याची हाय. काका जे लिवतीन तेच फायनल. वादळ होतं म्हनून लिवलं तं तारीख भेटतेच, कोनी अडवू शकत नाई. मीनं सांगतलं म्हनून सांगू नका."

दुर्गाबाईंचा चेहरा उजळला. त्या नवऱ्याच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. लग्नात अंतरपाट धरतात तेव्हाही त्या इतक्या आशेनं उभ्या राहिल्या नसतील.

"म्हनलं, जास्ती काई नाई. खरं तेवढं लिवा. आपन कुठंच गेलो नाई, एवढंच लिवा."

"लिवतो ना," खुशालराव म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांची खरोखरच लिहायची इच्छा होती.

जेवणाच्या दालनात हिरवं कापड अंथरलेलं टेबल लागलं. कप्तानाची टोपी त्यांच्या डोक्यावर पुन्हा बसवण्यात आली. त्यांनी रीतसर जबाबासाठी पुकारा केला. पहिले आले एक निवृत्त मुख्याध्यापक.

"जहाज निघालं नाई, असं सांगा म्हनता? साहेब, स्टेटस टाकलं हाय! व्याह्यानं पाह्यलं, त्याच्या व्याह्यानं पाह्यलं. आता उभंच होतो म्हनलं तं माही काय इज्जत राहीन?"

दुसरे म्हणाले, प्रवास उत्तम झाला. तिसऱ्या बाईंनी सांगितलं की काल दुपारी लाटांनी त्यांना इतकं गरगरलं की त्यांनी गोळी घेतली. गोळीचं पाकीटही पुरावा म्हणून दाखवलं. चौथ्यानं मासे मोजले होते, दोन. जबाब देणारा एकच वेगळा निघाला.

"लिवा," किसनराव म्हणाले. "जहाज तसूभर हाललं नाई. वारं असं होतं का माह्या दुपट्टा आता अरबस्तानात असन. मी सई करतो, पार्बता करते."

"पुरावा?" खुशालरावांच्या तोंडून निघून गेलं.

"पुरावा? साहेब, तुमी सोता जहाजावर हा! तुमचीच टोपी उडाली!"

"पंचाची टोपी पुराव्यात धरता येत नाई."

तेवढ्यात मोबाइल वाजला. कॉलनीचे अध्यक्ष धर्मपाल यांचा संदेश होता: 'फोटो पाहून ऊर अभिमानाने भरून आला. रविवारी आपला जाहीर सत्कार ठेवला आहे. विषय: खोल समुद्रातील माझे अनुभव. पत्रिका छापायला दिल्या आहेत.' खुशालरावांनी तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि पेन उघडलं. समोर दुर्गाबाई बसल्या होत्या. खुशालरावांनी 'वादळ' एवढा शब्द लिहिला आणि हात थांबला. तेवढ्यात गोदामाचा एक पत्रा उडाला, 'थुंकू नये' या अक्षरांसकट गरगरत आला आणि दालनाच्या काचेवर आदळला. काचेला तडा गेला. दोन लहान मुलं रडायला लागली. खुशालरावांनी आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुढचे शब्द लिहिले, 'आढळले नाही'. एकदा पहिलं वाक्य झाल्यावर बाकीची त्यांना आठवावीही लागली नाहीत. छत्तीस वर्षांच्या सवयीचा हात तो. सरळ चालत गेला.

पंचनामा किसनरावांनी मोठ्यानं वाचला. "'वादळ आढळले नाही. जहाज नांगरलेले आढळले. सबब विलंब आढळला नाही.' वा साहेब. अक्षर बी तेच हाय."

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांची स्टेटसं बचावली होती. दुर्गाबाईंनी कागद मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

"इतके साल लोकायच्या वावरात लिवलं," त्या म्हणाल्या, "आता माह्या समुद्रात बी लिवलं."

खुशालरावांना लाज वाटली. खरी लाज वाटली, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना कागद फाडावासा वाटला. पण त्यावर शिक्का पडला होता, आणि शिक्का पडलेला कागद फाडल्याची उभ्या आयुष्यात त्यांच्याकडून एकही नोंद नव्हती. दुर्गाबाई खोलीत गेल्या आणि नव्या साडीची घडी घालून ती पिशवीच्या तळाशी ठेवली.

रविवारी सत्कार झाला. शाल, नारळ आणि प्लास्टिकचं छोटं जहाज. खुशालराव लाटांवर चाळीस मिनिटं बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत. मग लोकांनी आग्रह केला म्हणून दुर्गाबाई उठल्या.

"मीनं काई पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "तीन दिवस गोदामाचे पत्रे पाह्यले. त्याच्यावर थुंकू नये म्हनून लिवलं होतं."

लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. वहिनी इतक्या विनोदी आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं धर्मपाल आभारात म्हणाले.

दुर्गाबाईंनी मात्र बहात्तर तासांच्या आत, साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं नव्या तारखेसाठी अर्ज धाडलेला होता. नवऱ्याला दाखवला नव्हता. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. 'आपला अर्ज काळजीपूर्वक तपासण्यात आला. तथापि आपण खोल समुद्रात असल्याचे छायाचित्र उपलब्ध असून दोनशे अकरा पंचांनी त्याखाली अंगठा देऊन प्रवास झाल्याचे मान्य केले आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पंचांची यादी सोबत जोडली आहे.'

दुर्गाबाई पलंगावर पाय लांब करून, चष्मा लावून, ती यादी एकेका नावावर बोट ठेवत वाचत होत्या. भाऊ सापडला, शेजारीण सापडली, अकोल्याचा नितेश सापडला. कोणी वाईट बुद्धीनं अंगठा दिला नव्हता. फोटो पुढून गेला, छान दिसला, नीट पाहायला वेळ नव्हता, अंगठा देऊन माणसं पुढं गेली. एकशे सत्त्याऐंशी नंबरवर त्यांचं बोट थांबलं. ते नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचलं. तुम्हाला आठवत नसेल, पण ते तुमचं आहे.